गरामा गुहेतलं गाणं

[दृश्य: पूर्ण काळोख. पाण्याचे थेंब. मग एका बाईचा आवाज, मागून आणखी काहींचे.]

हा काळोख गरामा गुहेचा. युगांडाच्या नैऋत्य टोकाला, म्गाहिंगा राष्ट्रीय उद्यानात, लाव्हारस वाहून गेल्यावर मागे उरलेलं हे तीनशे मीटरहून लांब भुयार. इथे आमचा राजा राहायचा, असं या जंगलांचे मूळ रहिवासी बाट्वा सांगतात. आता इथे पर्यटक येतात. त्यांना बॅटऱ्या विझवायला सांगतात, आणि त्या अंधारात बाट्वा बायका गातात. गाणं संपतं, टाळ्या पडतात. मग सगळे बाहेर. गाणाऱ्यासुद्धा.

[दृश्य: मुहाबुरा ज्वालामुखीचा उतार. धुकं, बांबूचं बेट.]

वाटेवर एक जण माश्यांचा माग काढत मधाचं पोळं कसं गाठायचं ते दाखवतो. दुसरा काडीवर काडी घुसळून विस्तव पाडतो. कुठला पाला कुठल्या दुखण्यावर, कुठला कंद खायचा, पानांची झोपडी कशी उभारायची, सगळं करून दाखवतात. शिकारीचं मात्र सोंग. धनुष्य खरं, बाण खरा, समोर हरीण नाही. सोबतीला उद्यानाचा रक्षक.

इंग्रजांनी ही जंगलं १९३०च्या दशकात राखीव केली, तरी बाट्वांचा मध, कंद, शिकार या ना त्या वाटेने चालूच राहिली. १९९१ साली पर्वतीय गोरिलांसाठी ब्विंडी आणि म्गाहिंगा राष्ट्रीय उद्यानं झाली, आणि ती वाट बंद झाली. आपण सहज 'उद्यान' म्हणतो. उद्यान म्हणजे बाग, आणि बागेत कोणी राहत नसतं.

गोरिलांची काळजी खोटी नव्हती. जगात ते आज हजाराच्या थोडे वर आहेत, आणि आधीपेक्षा वाढलेत. पण गोरिला आम्ही कधी खाल्लाच नाही, असं बाट्वा म्हणतात.

भरपाईचा हिशेब तर उफराटाच. ज्यांनी रान तोडून शेत काढलं होतं, त्यांच्याकडे दाखवायला शेत होतं. त्यांना पैसे मिळाले. बाट्वांनी काही तोडलंच नव्हतं. पानांची झोपडी पावसाळ्यात कुजून मातीत जाते. तिचा पंचनामा कोण करणार? बहुतेकांच्या हातावर काहीच पडलं नाही.

[दृश्य: उद्यानाजवळच्या किसोरो शहरालगतची वस्ती. दुसऱ्याच्या शेताच्या कडेला झोपड्या.]

आता दुसऱ्याचं शेत खणायचं, आणि मजुरी म्हणून कित्येकदा बटाटेच घ्यायचे. शेजारचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या भांड्यातलं पाणी पीत नसत. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

२०१३ साली बाट्वा कोर्टात गेले. १९ ऑगस्ट २०२१ रोजी युगांडाच्या घटनात्मक न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला: भरपाई न देता बाहेर काढल्यामुळेच हे लोक भूमिहीन झाले. सरकार अपिलात गेलं. इकडे गोरिला पाहायच्या एका परवान्यासाठी परदेशी पाहुणा ८०० डॉलर मोजतो.

[दृश्य: उद्यानाचं फाटक. संध्याकाळ.]

अंगावरची कातडी उतरवून मंडळी आपापले कपडे चढवतात. म्हाताऱ्यांना आत कुठल्या वळणावर कुठलं झाड आहे ते ठाऊक आहे. गाणाऱ्यांमधल्या तरुण मुली १९९१नंतर जन्मलेल्या. या रानात त्या एकदाही रात्री झोपलेल्या नाहीत. गाणं मात्र त्यांना पाठ आहे.

[आवाज पुन्हा गुहेतला. पडदा काळा.]