ताजच्या खिडकीतून पालव बंदर

[दृश्य: गेटवेपुढची गर्दी, कबुतरं. कॅमेरा सावकाश वर, तांबड्या घुमटाकडे.]

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. एलिफंटाच्या लाँचची वाट बघत उभे असलेले आम्ही, आणि मागे ताज. "आत चहा केवढ्याला मिळतो?" असं मी तेव्हा विचारलं होतं. "महिन्याच्या पगाराला," बाबा म्हणाले, आणि दाण्यांची पुडी हातात ठेवली.

त्याच ताजमध्ये आज एक रात्र मुक्काम आहे.

खोली मुद्दाम जुन्या इमारतीत घेतली. शेजारचा उंच टॉवर सत्तरच्या दशकातला. तिथून पाणी जास्त दिसत असेल, पण मला हीच खिडकी हवी होती. समोर गेटवे, त्यापलीकडे डोलणाऱ्या लाँच.

हे हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, आणि तेव्हा समोर गेटवे नव्हताच! त्याची पायाभरणी १९१३ ची, उद्घाटन १९२४ चं. पहिली वीस वर्षं इथल्या पाहुण्यांना दिसायचं ते नुसतं बंदर. पालव बंदर. साहेबाच्या तोंडात त्याचं 'अपोलो' झालं, असं सांगतात.

[दृश्य: मधला जिना, खालून वर.]

जमशेटजी टाटांनी हौसेने काय काय आणवलं होतं: अमेरिकन पंखे, जर्मन लिफ्ट, तुर्की हमाम. हॉटेल उघडलं आणि पाचच महिन्यांनी ते जर्मनीत वारले.

मला विचाराल तर या इमारतीत बघायचा तो हा जिना. खाली खांब नाही, पायऱ्या भिंतीतूनच बाहेर आलेल्या. वर मान करून पाहिलं की घुमटाखाली सगळं अधांतरी वाटतं. चढताना मी उगाचच कठड्याला धरून होतो.

आणि ती दंतकथा! आराखडा उलटा वाचला गेला, समुद्राकडे इमारतीची पाठ झाली, म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला. टॅक्सीवाल्यापासून गाइडपर्यंत सगळे ती रंगवून सांगतात. खरं असं, की मूळ आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. इमारत पुरी होण्याआधीच वैद्य गेले. काम तडीस नेलं डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी. दर्शनी बाजू शहराकडे ठेवली ती जाणूनबुजून. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातूनच यायच्या, हे त्यामागचं एक कारण असावं. आज त्या बाजूला पोहण्याचा तलाव आहे. आराखड्यावर एका मराठी माणसाचं नाव आहे, ते मात्र कुणी सांगत नाही.

पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं इस्पितळ होतं.

[दृश्य: काही क्षण काळा पडदा.]

तळमजल्यावर ३१ नावं कोरलेली आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात इथे गेलेल्यांची. पाहुणे आणि नोकरवर्ग, एकाच यादीत. इथे आम्ही कॅमेरा बंद ठेवला. होरपळलेली जुनी इमारत पाहुण्यांसाठी पुन्हा उघडली ती १५ ऑगस्ट २०१० ला.

[दृश्य: पहाट. खिडकी.]

मुंबईकराला समुद्रावरचा सूर्य म्हणजे मावळणारा. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, सगळं पश्चिमेला. हे बंदर पूर्वेला. इथे सूर्य पाण्यावर उगवतो. रायगडाकडचे डोंगर आधी राखाडी दिसतात, मग लाँचच्या टपांवर ऊन येतं.

दार वाजतं. "साहेब, चहा खिडकीपाशी ठेवू?" पोरगा मालवणचा निघतो. मग चहा गार होईपर्यंत गप्पा गणपतीच्या गाडीच्या तिकिटाच्या.

खाली फोटोवाले आलेत. एका कुटुंबाला ओळीत उभं केलंय. बाप बोटाने इकडेच काहीतरी दाखवतोय, पोर मान वर करून बघतंय. काच बंद, ऐकू काही येत नाही.

आणि हो, चहा खोलीच्या भाड्यातच होता. केवढ्याला, ते विचारायचं राहूनच गेलं.