गाडीत बसलं की हँडी बहिरी का होते?

नमस्कार मंडळी! गाडीबाहेर उभं राहिलं की हँडीवर, म्हणजे हातातल्या वॉकीटॉकीवर, रिपीटर (आपला आवाज पकडून पुढे पाठवणारं उंचावरचं स्टेशन) खणखणीत येतो, आणि काचा वर करून निघालं रे निघालं की नुसती खरखर. मग ओळखीतला कोणीतरी सांगतो, दहा वॅटचा सेट घे. अरे पण वॅट हा पाठवायचा मामला झाला, ऐकण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही! आणि पाठवायचं म्हणाल तरी पाचाचे दहा वॅट केले तर वाढतात 3 डीबी (डेसिबल), म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर अर्धा एस पॉइंट, अर्धीच खूण, त्याला कळणारसुद्धा नाही. पैसे घालायचेच तर अँटेनात घाला आणि तो गाडीच्या बाहेर काढा.

गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, सिग्नलला आत यायला वाट फक्त काचांची. आपण हॅमवाले, म्हणजे हौशी रेडिओवाले, जास्त करून व्हीएचएफच्या 2 मीटर बँडवर, 144 ते 146 मेगाहर्ट्झ, तिथे एक लाट साधारण दोन मीटर लांब आणि काच तिच्यापेक्षा लहान, त्यामुळे आत येतं ते अर्धंमुर्धं, आणि आलेलं पत्र्यावर आपटत राहतं म्हणून एका जागी बरं ऐकू येतं आणि वीतभर बाजूला काहीच नाही. यूएचएफची, म्हणजे त्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सीची, लाट 70 सेंटीमीटरच्या आसपास, ती काचेतून जरा बरी घुसते. काचेवर मेटलवाली सनफिल्म असेल तर मात्र दोन्हींची बोंब.

(हँडी कॅमेऱ्याजवळ धरून) हा जो रबरी अँटेना आहे ना, ह्याच्या आत वायरची गुंडाळी आहे, आणि ह्याची उरलेली अर्धी बाजू म्हणजे सेट, तुमचा हात आणि तुम्ही स्वतः. म्हणून हातात धरला की येतं आणि कपहोल्डरमध्ये ठेवला की जातं. कपहोल्डर तर सगळ्यात वाईट जागा, काचेच्या खाली, दोन सीटच्या मधे! फुकटात काही करायचं असेल तर सेट काचेच्या उंचीला आणा, अँटेना उभा ठेवा, आडवा नको, कारण रिपीटरचा अँटेनाही उभाच असतो.

आता मॅगमाउंट. (अँटेना दाखवत) खाली चुंबक, वर सरळ काडी, 145 मेगाहर्ट्झला पाव लाटेची काडी साधारण 49 सेंटीमीटर भरते. ही टपाच्या मधोमध लावायची, कारण खालचा पत्रा हा अँटेनाचाच भाग आहे, बोनेटच्या कोपऱ्यात लावलात तर एका बाजूला चांगलं आणि दुसऱ्या बाजूला मार. चुंबक ठेवायच्या आधी फडकं मारा, धुळीवर ठेवलात तर रंगावर गोल चरे पडतात, आणि पावसाळ्यात तो अधूनमधून उचलून खालचं पाणी पुसा. टप कापडी किंवा फायबरचं असेल तर चुंबक चिकटणार नाही, तिथे ब्रॅकेट लागतं.

केबल मागच्या दाराच्या रबरातून आत घ्या, पण आत शिरायच्या आधी तिला खाली एक झोळ द्या, नाहीतर पाणी केबलवरून सरळ सीटवर येतं. चार-पाच मीटर आरजी-58 ला, म्हणजे नेहमीच्या अँटेना केबलला, व्हीएचएफवर साधारण एक डीबी जातो, जाऊ दे, टपावर जे मिळतं त्यापुढे तो किरकोळ आहे. जास्त जपायचं ते सेटवरचं एसएमए कनेक्टर (अँटेना जिथे पिळतात ते), जाड केबल थेट त्यात पिळली की ते ढिलं होतं, म्हणून मधे वीतभर पातळ केबल टाका. आणि ॲडाप्टर घेताना बघून घ्या, बाओफेंगच्या बऱ्याच सेटवर मधे पिन असते, येसू-आयकॉमवर बहुतेक भोक. दुकानदाराला सेटच दाखवा ना!

एवढं करूनही खरखर असेल तर संशय चार्जरवर. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी सेटिंग) शून्यावर करा, एखादा लांबचा, जेमतेम येणारा रिपीटर लावा आणि डॅशकॅम, मोबाइलचा चार्जर असं एकेक काढत जा. कुठलंतरी एक काढलं की स्टेशन एकदम वर येतं, बहुतेक वेळा तो स्वस्तातला यूएसबी चार्जर असतो. तो बदला, किंवा त्याच्या वायरवर फेराइटची, म्हणजे खरखर अडवणारी, क्लिप लावा.

उलटंही होतं बरं का. मोठ्या टॉवरच्या पायथ्याशी बाहेरच्या अँटेनामुळे स्वस्त हँडीत इतका माल घुसतो की ती बधिर होते आणि रबरी अँटेनावर उलट बरं येतं. तिथे सेट खराब नाहीये, टॉवरपासून पुढे गेलात की येईल.

आणि हो, हॅम बँडवर बोलायला लायसन्स लागतं, परीक्षा द्यावी लागते. 446 मेगाहर्ट्झवाले बिनलायसन्सचे छोटे सेट असतात त्यांचा अँटेना फिक्सच असतो, तो कापून केबल जोडायचा उद्योग करू नका, त्यांना काचेपाशीच धरायचं. तुमच्या गाडीचं टप कसलं आहे ते कमेंटमध्ये टाका, सनरूफवाल्यांसाठी वेगळा व्हिडिओ करतो. सेव्हन्टी थ्री, म्हणजे हॅमवाल्यांच्या भाषेत शुभेच्छा!