ट्यूबावर काय वाजवावं?

तर विषय आहे, ट्यूबाच्या, म्हणजे पितळेच्या त्या भल्यामोठ्या, खर्जातल्या फुंकवाद्याच्या सोलोसाठी लोकांना आवडेल असं काय निवडावं. पण आधी माझी जुनी तक्रार. माइक माझ्या हातात आहे, तेव्हा तुमचा इलाज नाही.

ट्यूबाचा सोलो ठरला की संयोजक हमखास सांगतात, ‘जरा मजेशीर घ्या हं, लोक हसले पाहिजेत.’ का हो? चेलोवाल्याला सांगता असं? एका कार्यक्रमात तर निवेदकाने ‘आता हत्तीचा प्रवेश’ अशी माझी ओळख करून दिली. मी मांडीवर वाद्य घेऊन बसलोय, ओठ माउथपीसला लावतोय, आणि पहिला सूर निघायच्या आत सभागृह हसून मोकळं! (तुम्हीही हसलात. नोंद घेतली आहे.) यात आम्ही वादकही कमी नाही. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हचा तो भुंगा, म्हणजे 1900 सालच्या ऑपेरातला ‘भुंग्याचं उड्डाण’ हा भन्नाट वेगाचा तुकडा, तो ट्यूबावर सुसाट सोडायचा. टाळ्या पडतात, पण तारेवर सायकल चालवणाऱ्याला पडतात तशा. घरी जाताना गुणगुणत कोणी जात नाही.

बरं, वाद्य वयाने लहान. बर्लिनमध्ये वीप्रेख्ट आणि मोरित्झ यांनी त्याचं पेटंट घेतलं 1835 साली. बेथोव्हन 1827 मध्येच गेलेला, मोझार्ट तर त्याच्याही कितीतरी आधी. थोरामोठ्यांकडून आमच्या वाट्याला काही यायचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे एक तर उसनं वाजवायचं, नाहीतर नवं. नव्यातलं ऐकायचं असेल तर इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सचा ट्यूबा कॉन्चेर्टो ऐका, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने ट्यूबाचा सोलो. 1954 साली लंडनमध्ये तो पहिल्यांदा वाजला, तेव्हा गृहस्थ ऐंशी ओलांडलेले! वाजवला फिलिप कॅटेलिनेटने, ऑर्केस्ट्रा बार्बिरोलींच्या हाताखाली. त्यातला मधला संथ भाग, ‘रोमान्झा’. तिथे ट्यूबा चक्क गातो. इतका, की तो भाग चेलोवालेही वाजवतात. आता बोला!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे कबूल केलेलं व्याख्यान आता सुरू होतंय.

आधी श्वास बघा. खर्जात हवा भसाभस जाते, म्हणून चाल जितकी खाली तितक्या ओळी आखूड हव्यात. श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवा. ओळ मध्येच तुटत असेल तर ती रचना सोडा, कितीही लाडकी असली तरी. शक्यतो मधल्या सप्तकातली, कानावरून गेलेली चाल घ्या. पियानोवाल्याला डावा हात वर न्यायला सांगा. दोघंही खर्जात शिरले की कोण काय वाजवतंय ते कळत नाही.

आणि मॉन्टीचा ‘चार्दाश’, हंगेरियन नाचाच्या ढंगाची ती रचना, घ्याच. आहे व्हायोलिनचा, पण सुरुवात संथ आणि व्हायोलिनच्या सगळ्यात खालच्या तारेवरची. ट्यूबाच्या गळ्यात ती सहज बसते. पुढे वेग येतो, संयोजकांचीही हौस भागते. फक्त ‘वन्स मोअर’ आला तर तो वेगवान भाग पुन्हा देऊ नका. सुरुवातीचा संथ तुकडाच द्या.