शिट्टी येईल हं!

नमस्कार श्रोतेहो. आधीच सांगून ठेवते, या भाषणात मध्येच सनई वाजणार नाही, टाळ्या पडणार नाहीत, दार आपटल्याचा आवाज येणार नाही. माझ्यासारखं कुणी ऐकत असेल तर त्यांनी खुशाल खांदे सैल सोडून ऐकावं.

मी ऑटिस्टिक आहे, आपण मराठीत स्वमग्न म्हणतो ते, म्हणजे जन्मापासून मेंदूची घडणच जरा वेगळी. निदान तिशी उलटल्यावर झालं. एका कार्यालयात हिशेब बघते. आज बोलणार आहे ते माझ्या दचकण्याबद्दल, कारण लहानपणापासून लोकांनी माझ्याबद्दल जी काही मतं बनवली, त्यातली निम्मी त्याच्यावरूनच बनवली.

तसे दचकतात सगळेच. अचानक आवाज झाला की पापण्या मिटतात, मान आत जाते, खांदे वर येतात, कोपर दुमडतात. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. "बापरे!" म्हणतात आणि कामाला लागतात. माझं असं होतं: शेजारच्या टेबलावर कुणी स्टेपलर ठक्कन दाबतो, आणि माझ्या हातातला चहा व्हाउचरवर. तोंडातून किंचाळी निघून गेलेली असते, आणि ती माझी होती हे मला इतरांच्या चेहऱ्यांवरून कळतं. मग कानशिलं तापतात, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, छाती धडधडते. कुणी विचारतं, "अहो, काय झालं?" उत्तर डोक्यात तयार असतं, जिभेवर येत नाही. स्टेपलरवाला तोवर पुढच्या गठ्ठ्यावर गेलेला असतो. मी त्याच ओळीची बेरीज पुन्हा पुन्हा करत बसते.

शाळेत एका बाईंना वाटायचं, ही दचकते म्हणजे हिने काहीतरी केलंय. चोराच्या मनात चांदणं, असं त्या वर्गासमोर म्हणायच्या. घरी आजीचं म्हणणं वेगळं होतं, पोरीला दृष्ट लागते. ती मीठमोहरी ओवाळायची, अंगारा लावायची आणि मग माजघरात अंधार करून माझ्या डोक्यावर तळवा घट्ट दाबून बसायची. मीठमोहरीचं मला माहीत नाही, पण त्या अंधाराने आणि त्या दाबाने मला खरोखर बरं वाटायचं. आजही त्याहून चांगला उपाय मला कुणी सांगितलेला नाही.

"भित्री आहेस" हे मात्र सगळ्यांचंच मत. ते मला मान्य नाही. मी एकटीने प्रवास करते, अंधारात जिना उतरते, पाल झाडूने बाहेर काढते. दचकणं आणि भिणं यांची वाट एक नाही. आवाज कानातून आत शिरतो तो मेंदूच्या बुंध्यापाशी, मज्जारज्जूच्या जरा वर, दोन-तीन टप्प्यांत थेट स्नायूंकडे वळतो. पापणी मिटते ती साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत. आवाज कसला, हे मनाला कळायच्या आत शरीराचं उरकलेलं असतं. १९८५ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिस्तुलाचा खोटा बार काढून हे तपासलं होतं. लोकांना सांगितलं, दचकू नका, दाबून धरा. नाही जमलं. पण बार नेमका कधी होणार हे आधी सांगितलं, तेव्हा दचकणं सौम्य झालं. नाहीसं नाही, सौम्य. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, माझं सगळं घर त्याच्यावर चालतं.

आता ऑटिझमचा यात काय संबंध? १९४३ मध्ये बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी आपल्याकडे आलेल्या ऑटिस्टिक मुलांचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं, त्यातच व्हॅक्यूम क्लीनर, गॅसची शेगडी, वाहतं पाणी यांनी घाबरीघुबरी होणारी मुलं आहेत. जपानमधला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऑटिस्टिक मुलं ६५ ते ८५ डेसिबलच्या आवाजांनाही इतर मुलांपेक्षा जास्त दचकत होती. ६५ म्हणजे गप्पांपेक्षा किंचित चढा आवाज, सुतळी बॉम्ब नव्हे. सगळ्याच अभ्यासांत असं दिसलेलं नाही, आणि काही ऑटिस्टिक माणसं तर कानाशी ढोल वाजला तरी वळून बघत नाहीत. तेव्हा माझ्यावरून तुमच्या पुतण्याचा अंदाज बांधू नका. आणि हेही खरं की मन ताणलेलं असलं की दचकणं वाढतं. मार्चअखेरीला मी फोन टेबलावर थरथरला तरी उडते, दिवाळीच्या सुट्टीत तोच फोन मला ऐकूही येत नाही.

लोकांना वाटतं मला मोठा आवाज चालत नाही. तसंही नाही. लग्नाचंच घ्या. मी मंगलाष्टकांना पुढच्या रांगेत उभी असते. शेवटच्या कडव्याला भटजींचा सूर चढतो, करवल्या पुढे सरकतात, वाजंत्रीवाला ताशाच्या काड्या सावरून दाराशी तयार होतो. मला सगळं दिसत असतं. अंतरपाट बाजूला होतो, ताशा कडाडतो, मी आधीच तळवे कानावर घेतलेले असतात आणि दोन ठोक्यांनंतर ते खालीही येतात. मजा येते मला. मग जेवणाच्या पंगतीत एक पोरगा मागून स्टीलच्या वाट्यांची चळत खाली टाकतो, आणि मी खुर्चीतून उठलेली असते, पानातली जिलेबी मांडीवर. आवाज किती मोठा हा प्रश्न दुय्यम आहे. कधी येणार हे ठाऊक असलं पाहिजे.

हेडफोन लाव, असं बरेचजण सुचवतात. लावते, गाडीत, विमानात. पण त्याची गंमत अशी की कान बंद असले की मागून येणारी पावलं कळत नाहीत, आणि मग कुणी हाक ऐकू गेली नाही म्हणून खांद्यावर हात ठेवतं. तो हात आवाजापेक्षा वाईट. रस्त्यावर तर हेडफोन नकोच, पुण्यात दुचाकी कुठल्या बाजूने येईल याचा नेम नाही. त्यापेक्षा कार्यालयात मी टेबल फिरवून घेतलं. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. एवढ्याने निम्मं दचकणं कमी झालं, खर्च शून्य. साहेब आधी म्हणाले, "एकाला सवलत दिली की सगळे मागतील." दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे, आणि कामाच्या जागी वाजवी सोय करून देणं हेही त्यात आहे, सरकारी कचेऱ्यांना तर ते बंधनकारकच आहे, असं मी शांतपणे सांगितलं. शिपायाने दहा मिनिटांत टेबल सरकवलं. बाकी कुणी अजून तरी टेबल फिरवून मागितलेलं नाही.

घरी आईने पद्धत बसवली आहे. कुकर सूं सूं करायला लागला की ती स्वयंपाकघरातून ओरडते, "शिट्टी येईल हं!" मिक्सर लावायच्या आधी, "लावते गं." पाहुण्यांना हा प्रकार विचित्र वाटतो. आमच्या वहिनीही पहिल्यांदा हसल्या होत्या, आता माहेरी गेल्या तरी मिक्सरच्या आधी ओरडतात म्हणे. भाचा सहा वर्षांचा. दाराआड लपून भॉ करणं हा त्याचा जन्मसिद्ध हक्क, तो मी काढून घेतलेला नाही. फक्त ठरलंय की आधी सांगायचं. तो दाराआडून मोठ्याने जाहीर करतो, "मावशी, मी आता भॉ करणार आहे!" मग करतो. मी तरीही थोडी दचकतेच, आणि त्याचं समाधान होतं.

राहता राहिली दिवाळी. चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज करणारे फटाके आपल्याकडे नियमाने बंद आहेत, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० अशी वेळ आखून दिली. धुराचं, प्रदूषणाचं कारण होतं ते. माझ्या दृष्टीने त्यातली वेळ मोलाची. मी सोसायटीच्या सभेत एवढंच मागितलं होतं की फटाके वाजवा, पण सगळे मिळून त्या दोन तासांतच वाजवा. अध्यक्षांनी सूचनाफलकावर लिहून लावलं. त्या दोन तासांत मी खिडक्या लावून, कानात बोळे घालून, रेडिओ मोठा करून फराळाच्या ताटापाशी बसते, आणि खरं सांगायचं तर माझं बरं चाललेलं असतं. सोसायटीतली मुलं वेळ पाळतात. कोपऱ्यावरच्या गल्लीतली मुलं मात्र पहाटे पाचला लवंगी माळ लावतात, आणि त्यांना जाऊन सांगायचं कुणी, यावर आमच्या सभासदांचं अजून एकमत झालेलं नाही.

नमस्कार.