डोकं उठलंय? आधी गोळ्या मोजा

नमस्कार मंडळी. आज डोकेदुखीवर बोलायचंय, आणि खरं सांगतो, इथे येतानाच माझं डोकं उठलं होतं, कोपऱ्यावर वरात अडकलेली आणि तो डीजे, म्हणजे छातीतल्या बरगड्या नाचतात पण नवरा-नवरी काय बोलतायत ते त्यांनाच ऐकू येत नाही. असो. त्यावर सुरू झालो तर वेळ संपेल.

तर डोकेदुखीचे प्रकार पुस्तकात दीडशेच्या वर आहेत, पण घराघरात मुख्य दोनच. पहिली ताणाची. कपाळाभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं वाटतं, दोन्हीकडून, पण माणूस कामं करत राहतो. दुसरी अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. बहुतेकदा एका बाजूने ठणकतं, जिना चढला की वाढतं, मळमळतं, उजेड नको, आवाज नको, फोडणीचा वास नको, आणि औषध नाही घेतलं तर ४ तासांपासून ३ दिवसांपर्यंत चालतं. परत सांगतो, पट्टा आवळला तर ताण, ठणका आणि मळमळ असेल तर अर्धशिशी. आता तिसरी, आणि ही आपण घरीच तयार करतो, तिच्यासाठी आत्याची गोष्ट सांगावी लागेल.

माझी धाकटी आत्या सातारा जिल्ह्यात असते, गाव सांगत नाही, रेडिओ लावून बसली असेल. तिची अर्धशिशी लग्नाआधीपासूनची. घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. आजी म्हणायची पित्त, काका म्हणायचे चष्म्याचा नंबर, शेजारीण मीठ-मोहऱ्या घेऊन हजर, आणि मी, नवा नवा एमबीबीएस झालेला भाचा, मी ठणकावून सांगितलं की हा सायनस आहे. दोन वर्षं तिला वाफ घ्यायला लावली हो! पुढे कळलं की सायनस सायनस म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना मुळात अर्धशिशीच असते, तिच्यातही नाक वाहतं, गालफडं जड होतात.

मग काही वर्षांपूर्वी दिवाळीला गेलो तर म्हणाली, आता रोजच दुखतं रे, डोळे उघडले की दुखतं. मी विचारलं गोळ्या किती घेतेस? म्हणाली, "कधीतरी. महिन्यात चार-पाच." बरं म्हटलं. संध्याकाळी तिनेच मला मेडिकलवाल्याची उधारी भागवायला पाठवलं. त्याने वही काढली आणि पानभर एकच ओळ, "डो. गो. २, डो. गो. २." मी म्हटलं हे काय? म्हणाला, डोक्याची गोळी, डॉक्टर, काकूंचं खातं म्हणजे आमचं फिक्स डिपॉझिट. तिथेच काउंटरवर मोजलं, एका महिन्यात २३ दिवस, ४६ गोळ्या.

घरी येऊन आकडा सांगितला तर आत्या म्हणते, त्यातल्या निम्म्या सुनेने नेल्या असतील. सून स्वयंपाकघरातून कढई हातात घेऊनच बाहेर आली, आत्याबाई, मी कधी घेतली गोळी? मग जे काय झालं त्यात माझा चहा गार झाला. तोही हल्लीच्या त्या अंगठ्याएवढ्या कपातला, ज्यात एक घोट चहा आणि दोन घोट वाफ मिळते, पाहुण्याला असा चहा देणं मला तरी पटत नाही.

तर हीच ती तिसरी डोकेदुखी. साधी पॅरासिटामॉलसारखी गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, कॅफिन वगैरे मिसळलेली किंवा मायग्रेनची खास गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. गोळी उतरली की दुखतं, म्हणून परत गोळी. नीट ऐका, साधी १५ दिवस, मिसळलेली १० दिवस. गोळ्या नाही, दिवस मोजायचे.

आत्याला न्यूरोलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी ती गोळी बंद केली, अर्धशिशी येऊच नये म्हणून रात्रीची वेगळी गोळी काही महिने दिली. ही बंद करण्याची गोष्ट डॉक्टरला विचारूनच करा, कारण पहिला आठवडा वाईट जातो. आत्या अंधार करून पडायची, उलट्या व्हायच्या, आणि मला फोन, "तुझ्या त्या डॉक्टरकीला आग लाव." अकराव्या दिवशी सकाळी सातला परत फोन. मी घाबरतच उचलला. म्हणाली, "अरे, आज उठल्यावर दुखलंच नाही. काही बिघडलं तर नाही ना?"

आता पटकन महत्त्वाचं. एका मिनिटात कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, तापाबरोबर मान आखडणं, तोंड वाकडं, बोबडं बोलणं, हात-पाय लुळा पडणं, डोक्याला मार लागल्यावर उलट्या, यातलं काहीही असलं तर सुंठेचा लेप लावत बसू नका, १०८ ला फोन करा. डोळा लाल, दुखतोय आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसतायत, तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. आणि पन्नाशीनंतर नवीनच सुरू झालेली डोकेदुखी, कानशील दुखतं, घास चावताना जबडा भरून येतो, तर तेही उद्यावर ढकलू नका, नजर जाऊ शकते.

बाकी अर्धशिशीवाल्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये, झोप चुकवू नये, आणि डोकं दुखलं त्या तारखेला कॅलेंडरवर ठिपका द्यावा, दुधाचा खाडा लिहितो ना, तसाच. आत्या देते. मागच्या महिन्यात गेलो तर अभिमानाने पान दाखवलं, बघ, तीनच ठिपके. मी नीट पाहिलं तर चौथा होता, चंद्रोदयाच्या वेळेखाली, संकष्टीला. मी काही बोलायच्या आत तिने पान उलटलं.

पुढच्या मंगळवारी मानदुखी. नमस्कार.