एका नरावर वाण टिकत नाही: कारवानी आणि पश्मी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट या भागात शेतवस्तीवर लांब तोंडाचं, पोट आत ओढलेलं कारवानी कुत्रं अजूनही दिसतं. म्हणून कारवानी दुर्मीळ होत चाललीय असं कुणी म्हटलं, की ते पटत नाही. पण डोळ्यांना दिसणारी कुत्री वेगळी आणि वाण पुढं नेणारी कुत्री वेगळी. कानांवर, शेपटीवर, पायांच्या मागच्या कडेला रेशमासारखे लांब केस असलेलं पश्मी हे कारवानीचंच रूप, ते तर आता दिसायलाही क्वचितच मिळतं.

कळपात दिसणाऱ्या कुत्र्यांपैकी रक्ताच्या हिशेबानं खरी किती धरायची, हा हिशेब आधी करू. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या, त्याला ४ नं गुणायचं आणि नर-माद्यांच्या बेरजेनं भागायचं. समजा, एका पट्ट्यात ४० माद्या आहेत आणि सगळे जण आपापली मादी शर्यत मारलेल्या त्याच दोन नरांकडं नेतात. ४ गुणिले २ गुणिले ४० म्हणजे ३२०, भागिले ४२. उत्तर जेमतेम ८. म्हणजे मोजायला ४२ कुत्री, पण रक्ताच्या हिशेबानं ८. अशा कळपात रक्त जवळ येण्याचा, म्हणजे आई-बाप एकमेकांच्या नात्यातले निघण्याचा, वेग दर पिढीला साडेसहा टक्क्यांच्या आसपास जातो. माद्या तेवढ्याच ठेवून नर २० वापरले, तर आकडा ५३ होतो आणि वेग एक टक्क्याच्या खाली येतो. जाती जपण्याच्या शास्त्रात ५० हा साधारण किमान आकडा धरतात. एकही मादी न वाढवता, नुसते नर वाढवून आपण तो गाठला. म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की पिल्लं वाढवण्याच्या मागं लागण्याआधी नर वाढवा.

रक्त जवळ आलं की काय होतं? वेतातली पिल्लं कमी होतात, जन्मलेली चिवट नसतात, नराचा एक अंडगोळा पोटातच राहतो, जबडा वरखाली बसतो. सख्ख्या भावंडांची किंवा बाप-लेकीची जोड लावली, तर पिल्लांत रक्ताची जवळीक २५ टक्के, सावत्र भावंडांत साडेबारा, चुलत-मावस भावंडांत सव्वासहा. सव्वासहाच्या वर जाऊ नये. पण आजोबा कोण हेच ठाऊक नसेल, तर टक्के काढणार कशाचे?

दुसरी अडचण ग्रेहाउंड या विलायती शर्यतीच्या कुत्र्याची. थोड्या अंतराच्या शर्यतीत ग्रेहाउंडचा संकर पुढं पळतो, म्हणून तो लावला जातो. त्याची कातडी पातळ असते, बाभळीच्या काट्यानं आणि मुरमाड रानात लगेच फाटते. ओळखायचं कसं? ग्रेहाउंडचे कान मागं दुमडून मानेला चिकटतात, पाठीला कमान येते, मांड्या फुगीर होतात. कारवानीचे कान गालाला लागून खाली लोंबतात, पाठ जवळजवळ सपाट असते, कमरेवरची दोन हाडं उठून दिसतात. नर साधारण २७ ते २९ इंच, मादी २५ ते २७. उंची खांद्याच्या उंचवट्यापाशी, जनावर सपाट फरशीवर उभं करून मोजायची. डोक्यापासून मोजलेल्या उंचीला काही अर्थ नाही, बाजारात मात्र बहुतेकदा तीच सांगतात.

पश्मीबद्दल एक गैरसमज आहे. गुळगुळीत केसांच्या जोडीला लांब केसांचं एखादं पिल्लू झालं, की मादीवर संशय घेतात आणि पिल्लू देऊन टाकतात. कुत्र्यांत लांब केसांचा गुण सहसा दबलेला राहतो. पश्मी आणि गुळगुळीत यांची पिल्लं गुळगुळीतच दिसतात, पण गुण पोटात घेऊन फिरतात. अशी दोन एकत्र आली, तर सरासरी चारांत एक पिल्लू पश्मी निघतं. अशा पिल्लाची किंमत ओळखा. फक्त पश्मीला पश्मीच लावायची असा हट्टही नको, कारण इतक्या थोड्या जनावरांत तो पुन्हा रक्ताच्या जवळिकीकडं नेतो. एका पिढीला चांगली गुळगुळीत मादी घ्या, पुढच्या पिढीत केस परत येतात.

आता जोड लावण्याआधीची तपासणी. मादी दुसऱ्या माजाच्या आधी आणि दोन वर्षांच्या आत लावू नका. ही कुत्री पुष्कळदा वर्षातून एकदाच माजावर येतात, त्यामुळं माज चुकला की वर्ष गेलं. रक्त दिसू लागलेला दिवस पहिला धरा. साधारण १० ते १४ दिवसांत रक्त फिकं होतं, मादी शेपूट बाजूला घेऊन उभी राहते. तेव्हा एक दिवसाआड दोनदा लावा. जोड अडकली की ५ ते ३० मिनिटं तशीच राहते. ओढून सोडवायला गेलात, तर नराला इजा होते.

नर आणि मादी दोघांचीही जननेंद्रियं उजेडात बघा. फुलकोबीच्या गड्ड्यासारखी रक्त येणारी गाठ दिसली, तर ती जोडीतून पसरणारी गाठ आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांत ती खूप आढळते. व्हिनक्रिस्टीनची इंजेक्शनं आठवड्याला एक, अशी चार ते सहा घेतली की ती बहुधा बरी होते. तोवर जोड बंद. दुसरी तपासणी ब्रुसेलाची, म्हणजे जोडीतून पसरणाऱ्या, गाभ पाडणाऱ्या रोगाची. दिवस भरत आले असताना, दीड-दोन महिन्यांच्या टप्प्यावर मादी टाकत असेल, तर रक्त तपासल्याशिवाय पुढचा नर लावू नका. आणि गोचीडतापातून उठलेल्या नराला दोन महिने सोडा, कारण बीज तयार व्हायलाच सुमारे ६० दिवस लागतात.

गाभणकाळ सुमारे ६३ दिवस. गाभणपणी कॅल्शियमच्या गोळ्या चारू नका. चारल्या, तर वेतानंतर अंगातलं कॅल्शियम वापरायची सवय मोडते आणि दोन-तीन आठवड्यांनी मादी थरथरते, ताठ होते, झटके येतात. तेव्हा शिरेतून सलाईनमार्गे औषध लागतं, तेही तासाभरात. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारातला ताप मोजा. तो ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरला, की साधारण दिवसभरात वेणा सुरू होतात. जोरात कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवं पाणी दिसलं, तर वाट बघायची नाही.

पिल्लांसाठी ४ बाय ३ फुटांची पेटी करा आणि आत कडेनं ४ इंच उंचीवर आडवी पट्टी मारा. आई भिंतीला रेलली, की पिल्लू पट्टीखालच्या पोकळीत सुटतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांपाशी ३० ते ३२ अंश सेल्सिअस हवं. डिसेंबरच्या रात्री एका कडेला बल्ब टांगा, म्हणजे अर्धी पेटी गार राहते आणि पिल्लू स्वतः जागा निवडतं. एप्रिल-मेमध्ये प्रश्न उलटा होतो. सोलापुरात पारा ४२ च्या पुढं जातो आणि धापा टाकणारी आई पिल्लांना पाजायला बसत नाही. शक्य असेल तर उन्हाळी वेत टाळाच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. पहिल्या दिवशी थोडं घटतं, ८ ते १० दिवसांत दुप्पट व्हायला हवं. सलग दोन दिवस वजन वाढलं नाही, तर पिल्लू दूध पीत नाही किंवा दूध पुरत नाही.

खाणं हा आपल्याकडचा कच्चा दुवा. २५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे १४०० कॅलरी लागतात. नुसत्या ज्वारीच्या भाकरीनं पोट भरतं, पण ज्वारीत प्रथिनं दहाएक टक्केच. २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी, अर्धा लिटर दूध आणि तीन उकडलेली अंडी एवढ्यात बऱ्यापैकी भागतं. दुधानं पोट बिघडलं तर दही द्या. व्यायलेल्या मादीला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुप्पट-तिप्पट.

जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, आईलाही सोबत. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या साथरोगांची लस ६ ते ८ आठवड्यांपासून, दर तीन-चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांपर्यंत. रेबीज तीन महिन्यांना, मग दरवर्षी. नान्नजच्या माळढोकासाठी राखलेल्या माळावर लांडगेही आहेत. आपल्या कुत्र्याचा डिस्टेंपर त्यांच्यात गेला, तर तिथं लस टोचायला कोणी नाही. ससा, काळवीट यांच्यावर कुत्रं सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पळवायचं असेल, तर दोरीला चिंधी बांधून पहाटे पळवा.

शस्त्रक्रियेची वेळ आली, तर डॉक्टरांना जात आधीच सांगा. या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी, त्यामुळं भुलीची काही जुनी औषधं उतरायला फार वेळ घेतात. रक्ततपासणीत प्लेटलेट थोड्या कमी दिसल्या, तरी बऱ्याचदा ते या बांध्याच्या कुत्र्यांचं नेहमीचंच असतं. मात्र गोचीडताप नाही ना, याची खात्री करूनच तसं म्हणा.

राहिली वेतांच्या नोंदींची वही. राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड यांची कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोत नोंद झाली. आपल्या जिल्ह्याची पंढरपुरी म्हैस तिथं आहेच. नोंद मागायला कळपाची माहिती लागते, म्हणून वहीत प्रत्येक वेताला एक पान द्या. आई, बाप, दोन्हीकडचे आजा-आजी, लावल्याची आणि व्यायल्याची तारीख, मेलेल्या पिल्लांसकट संख्या, प्रत्येक पिल्लाचा डावीकडून, उजवीकडून आणि समोरून फोटो. मेलेली पिल्लं लिहायची लाज वाटते, पण रक्त जवळ आल्याची पहिली खूण त्याच रकान्यात दिसते. आठव्या आठवड्यात कातडीखाली पंधरा आकडी ओळखक्रमांकाची मायक्रोचिप बसवा. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकता येत नाही आणि विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला नोंदणीही लागते.

पिल्लू देताना पानाची प्रत द्या आणि एक अट घाला. प्रत्येक वेतातले किमान दोन नर वेगवेगळ्या तालुक्यांत जावेत, त्यांची नसबंदी होऊ नये, आणि दोन वर्षांनी ते एकदा मोजायला परत आणावेत. तेव्हा उंची, दात, दोन्ही गोळे, लसीचं कार्ड बघायचं. जो नीट भरेल त्याला नरांच्या यादीत घ्यायचं, आणि यादीतल्या कुठल्याही नराला पाच-सहा वेतांच्या पुढं लावायचं नाही, मग त्यानं कितीही शर्यती मारलेल्या असोत.

नमस्कार.