कुणाकडची गं तू?

(दृश्य : पवई, आयआयटी मुंबई. सकाळची वेळ. रिक्षातून एक पाहुणी उतरते, खांद्याला पर्स.)

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठातून आलेली ही संशोधक मुंबईत उतरून अर्धा दिवसही झालेला नाही. इथलं सिमकार्ड अजून घ्यायचंय. तरी पर्समधला फोन वाजायला लागतो आणि रात्रभराचे मेसेज एकामागून एक येऊन पडतात. तिनं कुणाला पासवर्ड विचारला नाही, कुठल्या पानावर नंबर टाकला नाही. फोन पर्समधून बाहेरसुद्धा काढलेला नाही.

या वायफायचं नाव एज्युरोम. २००२ साली नेदरलँड्समधल्या सर्फनेट या संस्थेतले क्लास विरेंगा यांनी ही कल्पना मांडली. एका विद्यापीठातला माणूस दुसरीकडे गेला, तर त्याला पाहुण्यांचा तात्पुरता पासवर्ड मागत का फिरवायचं? त्याच्या घरच्या संस्थेलाच विचारू की! युरोपातल्या मोजक्या देशांत सुरुवात झाली, डिसेंबर २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया आला आणि आज शंभरावर देशांत हे जाळं आहे. भारतात ते अर्नेट इंडिया ही सरकारी शैक्षणिक-नेटवर्क संस्था चालवते.

आता पर्समध्ये काय घडलं, ते सावकाश पाहू.

गावात अनोळखी मुलगी दिसली, तर ओट्यावरची आजी आधी तिचं नाव विचारत नाही. ती विचारते, "कुणाकडची गं तू?" एज्युरोमही हेच विचारतं. फोन उत्तरात फक्त घराणं सांगतो, म्हणजे ओळखनावातला '@' या खुणेच्या पुढचा भाग. खुणेच्या आधी नुसतं 'अनामिक' म्हटलं तरी चालतं. पवईचा सर्व्हर ते वाचतो. हे आपल्याकडचं माणूस नव्हे, म्हणून विचारणा देशाच्या सर्व्हरकडे जाते, तिथून वरच्या, मग नेदरलँड्सच्या, शेवटी डेल्फ्टच्या सर्व्हरकडे. तोवर पवईच्या भिंतीवरचा वायफायचा पांढरा डबा दार बंद करून उभा असतो. फक्त ही विचारपूस तेवढी तो आत-बाहेर जाऊ देतो.

मग डेल्फ्टचा सर्व्हर आपली ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र (सर्टिफिकेट) पुढे करतो. हो, आधी तो! फोन ते तपासतो, हे खरंच आपलं घर आहे ना याची खात्री करतो आणि मगच बंद नळीतून, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही असा, पासवर्ड पाठवतो. मधल्या एकाही सर्व्हरला तो दिसत नाही. पवईला कळतं ते इतकंच, की डेल्फ्ट म्हणतंय, "आमचीच आहे, येऊ द्या." त्या होकारासोबत एक किल्लीही येते, फक्त तिच्या फोनपुरती. शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी त्याच वायफायवर असला, तरी त्याची किल्ली वेगळी.

हजारो किलोमीटरची ही जा-ये आपल्याला जाणवतही नाही.

(दृश्य : मुंबई सेंट्रल. फलाटावरची गर्दी. हातात फोन धरून वाट पाहणारे लोक.)

या स्थानकावर जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल ही रेल्वेची दूरसंचार कंपनी आणि गूगल यांनी मोफत वायफाय सुरू केलं आणि पुढे देशभरातली ४०० स्थानकं जोडली गेली. कित्येकांनी आयुष्यातला पहिला व्हिडिओ कॉल अशाच फलाटावरून केला असेल, त्या सोयीचं मोल कमी नाही. पण ओटीपीची वाट पाहणारा चेहरा बघा. रेंज नाही म्हणून वायफाय हवं, वायफायसाठी ओटीपी हवा आणि ओटीपी यायला रेंज हवी. शिवाय ओटीपीनं नेटवर्कला आपली ओळख पटते. नेटवर्क कुणाकडचं, हे आपल्याला कोण सांगणार? त्याच नावाचं वायफाय पलीकडच्या बाकावरच्या लॅपटॉपमधूनही निघू शकतं. एज्युरोमसारखीच दुहेरी ओळख रस्त्यावरच्या वायफायला देणारं पासपॉइंट हे तंत्र २०१२ पासून आहे. ते स्थानकास्थानकावर यावं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : वसतिगृहाची खोली. फोनच्या पडद्यावर सेटिंग.)

आणि जिथे ही दुहेरी ओळख हाताशी आहे, तिथे आपण काय करतो?

"दादा, एज्युरोम लागतच नाहीये."

"अरे, सर्टिफिकेटला 'डोन्ट व्हॅलिडेट' कर, म्हणजे ते तपासूच नको म्हण. लगेच लागेल."

लागतंही. एका कॉलेजच्या सूचनाफलकावर हीच पायरी छापलेली मी पाहिली आहे आणि ते पाहून फार वाईट वाटलं. कारण या एका टिचकीनं फोननं 'हे खरंच आपलं घर आहे ना?' हा उलटा प्रश्न विचारणंच सोडून दिलं. आता कुणीही चहाच्या टपरीशेजारी 'एज्युरोम' नावाचं वायफाय उभं करावं आणि या मुलाचा फोन, खिशातल्या खिशात, त्याच्या नकळत तिथे ओळख सांगायला जाईल. वायफाय आपोआप जोडलं जातं तेव्हा धोकाही आपोआपच येतो. डिसेंबर २०२० च्या अपडेटमध्ये गूगलनं आपल्या पिक्सेल फोनांतून हा पर्याय काढून टाकला. जुन्या फोनांत तो अजून आहे.

दुरुस्तीला पाच मिनिटं लागतात. जुनी जोडणी पुसायची, 'गेटएज्युरोम' हे ॲप घ्यायचं, यादीतून आपली संस्था निवडायची. प्रमाणपत्र आणि सर्व्हरचं नाव ॲपच भरतं.

(दृश्य : मुलाचा अंगठा 'फर्गेट' दाबतो. ॲप उघडतं. संस्थांच्या यादीत तो आपल्या कॉलेजचं नाव शोधतो आहे.)